आधी वंशावळ, मग गॅड: मोठेपणी येणाऱ्या ऑटोइम्यून मधुमेहाचा माग कसा काढायचा

टाइप २ म्हणून गोळ्या चालू आहेत, पण दीड-दोन वर्षांतच दोन गोळ्या पुऱ्या पडेनात, वजन काही न करता उतरतंय आणि घरचे म्हणतायत, "पथ्य पाळत नाही." हा लेख अशा माणसासाठी आणि त्याच्या भावंडांसाठी आहे. चूक पथ्याची नसून निदानाची असू शकते. मोठेपणी हळूहळू येणारा एक ऑटोइम्यून मधुमेह असतो. त्यात शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. डॉक्टरांच्या बोलण्यात तो 'लाडा'. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या वर्गीकरणात तो 'प्रौढांमधला हळूहळू वाढणारा, प्रतिकारशक्तीजन्य मधुमेह' म्हणून संमिश्र प्रकारांत मोडतो. त्याची रूढ व्याख्या तीन अटींची आहे: वय ३०च्या पुढे, रक्तात बीटा पेशींविरुद्धची निदान एक अँटीबॉडी, आणि निदानानंतर किमान ६ महिने इन्सुलिनशिवाय निभावलेलं.

हे फार दुर्मिळ नाही. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासाने १९९७ मध्ये टाइप २ म्हणून नोंदलेल्या साडेतीन हजारांहून जास्त गोऱ्या रुग्णांचं रक्त तपासलं. दहापैकी साधारण एकात गॅड अँटीबॉडी (बीटा पेशींतल्या गॅड या एन्झाइमविरुद्धची) निघाली. २५ ते ३४ वयोगटात हे प्रमाण ३४ टक्के होतं, ५५ ते ६५ मध्ये ७ टक्के. पुढचा आकडा जास्त कामाचा आहे. पस्तिशीच्या आत निदान झालेल्या गॅड पॉझिटिव्ह रुग्णांपैकी ८४ टक्क्यांना ६ वर्षांत इन्सुलिन लागलं, अँटीबॉडी नसलेल्यांत फक्त १४ टक्क्यांना. हे प्रमाण जसंच्या तसं नाशिकला लावता येणार नाही, पण वय जितकं कमी तितका संशय जास्त, हा धडा इथेही चालतो.

"मग जीनची तपासणी करून टाकू का?" हा प्रश्न हटकून येतो. करू नका, निदान सुरुवातीला नको. क्रम असा ठेवा: आधी घराण्याची वंशावळ, मग गॅड अँटीबॉडी, मग सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते मोजणारी तपासणी). जीन सगळ्यात शेवटी, आणि बहुतेकांना तर नाहीच. असं का, ते कळायला जीन नेमकं काय करतात हे आधी पाहू.

जीन म्हणजे वाण, रोग नव्हे

निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराला हे दोन वाक्यांत पटतं. थॉमसन जातीची द्राक्षवेल डाऊनी या बुरशीला लवकर बळी पडते, पण पाऊस-दव नसेल तर पानावर ठिपकाही दिसत नाही. धोक्याचे जीन म्हणजे तसा वाण. तो असला की रोग येतोच असं नाही. लहानपणी होणाऱ्या टाइप १मध्येसुद्धा एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला मधुमेह झाला तर दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण बऱ्याच अभ्यासांत ३० ते ५० टक्क्यांच्या घरातच आलं, आणि तिथे जीन तर शंभर टक्के सारखे असतात.

या वाणाचा सर्वांत मोठा भाग सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए पट्ट्यात आहे. टाइप १च्या आनुवंशिक धोक्यातला साधारण निम्मा वाटा या एका पट्ट्याचा, आणि लाडामध्येही पहिला नंबर त्याचाच. एचएलए प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे बारीक तुकडे धरून प्रतिकारशक्तीला दाखवतात: हा आपला, हा परका. कोणता तुकडा पकडीत नीट बसेल हे पकडीच्या आकारावर ठरतं. इथे एक बारकावा आहे. डीक्यू नावाच्या एचएलए प्रथिनाच्या बीटा साखळीत ५७व्या जागी ॲस्पार्टिक आम्ल असेल तर सहसा संरक्षण मिळतं. धोक्याच्या डीक्यू२ आणि डीक्यू८ या प्रकारांत त्या जागी ॲलानीन असतं. साखळीतली एक कडी बदलते, पकडीचा खळगा बदलतो आणि बीटा पेशीचा तुकडा परका म्हणून पेश होतो. हे १९८७ मध्ये लक्षात आलं, आणि नंतर अपवाद सापडले तरी मूळ कल्पना टिकून आहे.

हे जीन सुटे उतरत नाहीत. द्राक्षाचा घड देठासकट उतरावा तसा अख्खा एचएलए पट्टा आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा येतो. त्यामुळे सख्ख्या भावंडांचा हिशेब सोपा आहे. दोन्ही पट्टे सारखे असण्याची शक्यता २५ टक्के, एक सारखा असण्याची ५० टक्के, एकही नसण्याची २५ टक्के. "एकाच आईबापाची पोरं, मग त्यालाच कसा?" याचं निम्मं उत्तर इथे आहे.

युरोपीय लोकांत डीआर३-डीक्यू२ आणि डीआर४-डीक्यू८ अशी दोन्हींची जोडी सर्वांत धोक्याची (डीक्यूसारखी डीआर आणि बी हीही एचएलए प्रथिनंच). भारतीयांत मुख्य भार डीआर३वर आहे, आणि तोही बऱ्याचदा वेगळ्या जुळणीतला: युरोपात डीआर३ सोबत बी८ येतो, आपल्याकडे बी५०-डीआर३ ही जोडीही ठळकपणे दिसते. डीआर१५-डीक्यू६ या जुळणीतला डीक्यूबी१ ०६:०२ हा प्रकार संरक्षण देतो. मोठेपणी येणाऱ्या आजारात त्याचं कवच थोडं पातळ असतं, म्हणून तो सापडला तरी लाडा पूर्ण बाद होत नाही.

एचएलएबाहेरचे जीन धावत्या नजरेने पाहू. अकराव्या गुणसूत्रावर इन्सुलिनच्या जीनच्या तोंडाशी एक छोटा तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो. तो २६ ते ६३ वेळा असेल तर धोका, १४० ते २१० वेळा असेल तर संरक्षण. लांब ओळीमुळे थायमस ग्रंथीत इन्सुलिन जास्त बनतं आणि तिथे शिकणाऱ्या टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या सैनिकांना) "हे आपलं" असं नीट कळतं. पीटीपीएन२२ या जीनमध्ये ६२०व्या जागी आर्जिनीनऐवजी ट्रिप्टोफॅन आलं की टी-पेशींचा लगाम बिघडतो. युरोपात हा बदल मोठा गुन्हेगार, भारतीयांत मात्र तो क्वचितच आढळतो. म्हणून जीनच्या परदेशी तपासणी-संचात (पॅनलवर) पीटीपीएन२२ स्वच्छ आला याला इथे फारसा अर्थ नाही. सीटीएलए४ आणि एसएच२बी३ हेही प्रतिकारशक्तीच्या ब्रेकशी संबंधित जीन. सीटीएलए४ थायरॉइडच्या ऑटोइम्यून आजारांतही भेटतो, त्यामुळे दोन्ही आजार एकाच घरात का दिसतात हे समजतं.

लाडा म्हणजे टाइप १ आणि टाइप २ची भेसळ का, यावर बराच वाद झाला. टाइप २चा सर्वांत ओळखीचा जीन, दहाव्या गुणसूत्रावरचा टीसीएफ७एल२, काही जुन्या अभ्यासांत लाडामध्येही वर आला होता. २०१८ मध्ये संपूर्ण जीनोम चाळणारा मोठा अभ्यास आला तेव्हा पहिल्या फळीत एचएलए, पीटीपीएन२२, एसएच२बी३ आणि इन्सुलिनचा जीन हेच निघाले, म्हणजे सगळे टाइप १चे. आमचं मत असं: लाडा हा टाइप १चाच कमी भाराचा भाऊ आहे. तेच जीन, पण धोक्याचे पट्टे कमी, संरक्षणाचे थोडे जास्त, म्हणून आग मंद. सोबत पोट सुटलेलं असेल, आईवडिलांकडून टाइप २ची प्रवृत्ती आली असेल, तर ती वेगळी भर. गॅड अँटीबॉडीची पातळी जितकी जास्त, तितका रुग्ण जीनने आणि वागण्यानेही टाइप १च्या जवळ.

वंशावळ: हे काम घरच्यांनीच करायचं

यात पैसा लागत नाही आणि बाह्यरुग्ण विभागाच्या पाच मिनिटांत ते कधीच होत नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी एक फुलस्केप कागद आडवा घ्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाची आडवी रेघ, मुलांची उभी. मध्ये रुग्ण, वर आईवडील, त्यांच्या वर दोन्हीकडचे आजी-आजोबा. बाजूला काका, आत्या, मामा, मावशी, मग चुलत-मावस-आते-मामे भावंडं, खाली मुलं. तीन पिढ्या पुरतात. ज्याला मधुमेह आहे त्याचा चौकोन वा गोल पूर्ण रंगवा, दुसरा ऑटोइम्यून आजार असेल तर अर्धा.

नावं आठवत नसतील तर नाशिककरांच्या हाताशी एक सोय आहे. पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यानपिढ्यांच्या यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की पणजोबापर्यंतची नावं सापडू शकतात. त्या वहीत आजार लिहिलेला नसतो, पण "या आजोबांना धाकटा भाऊ होता, त्याचं काय झालं?" हा प्रश्न घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारता येतो. माहेरची बाजू मात्र तिथे तुटपुंजी मिळते. ती मामा-मावशीलाच विचारावी लागते, आणि अर्धे जीन तिकडूनच आलेले असतात.

प्रत्येक रंगवलेल्या माणसापुढे चार गोष्टी लिहा. शुगर कळली तेव्हाचं वय. तेव्हा अंगाने कसा होता. गोळीवर सुरुवात की इन्सुलिनवर. आणि गोळीवरून इन्सुलिनवर जायला किती वर्षं लागली. "आजोबांना शुगर होती" याचा निदानाला उपयोग नाही. "आजोबांना पासष्टीत कळली, जाड होते, शेवटपर्यंत गोळीवर" हे टाइप २. "आत्याला अडतिसाव्या वर्षी, बारीक होती, दोन वर्षांत इन्सुलिन" ही ओळ कागदावर आली की तिच्याभोवती लाल गोल काढा. "शुगर वाढून बेशुद्ध झाली आणि गेली" अशी जुनी नोंदही महत्त्वाची.

दुसरे ऑटोइम्यून आजार शोधताना प्रश्न बदलावा लागतो. "कुणाला ऑटोइम्यून आहे का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" असंच येतं. त्याऐवजी असं विचारा: सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी गोळी कोण घेतं? ती थायरॉइडची. अंगावर पांढरे डाग कुणाला? डोक्यावर चाई कुणाला पडली होती? बी१२ची इंजेक्शनं वर्षानुवर्षं कोण घेतं? चपाती सोडून भाकरीवर कोण आलं आणि त्याने पोट कुणाचं सुधारलं? आमवाताने हाताची बोटं कुणाची वाकडी झाली? पांढऱ्या कोडाची माहिती सर्वांत शेवटी आणि सर्वांत कुजबुजत मिळते, कारण स्थळं बघताना ती दडवलेली असते. कागद फक्त डॉक्टरांना दाखवायचा आहे, हे आधी सांगितलं की आत्या बोलत्या होतात.

मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर दुहेरी रेघ ओढा. नात्यातल्या लग्नामुळे एकच एचएलए पट्टा दोन्ही बाजूंनी एकाच मुलात येण्याची शक्यता वाढते.

हमखास होणारी चूक म्हणजे घरात टाइप २चे पाच-सहा रंगवलेले चौकोन दिसले की "मग आमचंही तेच" म्हणून कागद मिटवणं. महाराष्ट्रात टाइप २ इतका पसरला आहे की लाडाच्या रुग्णाच्या घरातही तो सापडणारच. टाइप २चा इतिहास लाडाला बाद करत नाही.

संशय पुरेसा आहे का, याची पाच बोटं

मेलबर्नमध्ये तयार झालेली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली एक साधी गुणपत्रिका आहे. निदानावेळी वय पन्नाशीच्या आत. तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं अशी लक्षणं एकदम सुरू झालेली. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५च्या खाली. स्वतःला दुसरा ऑटोइम्यून आजार. रक्ताच्या नात्यात ऑटोइम्यून आजार. यातल्या दोन किंवा जास्त गोष्टी लागू असतील तर अँटीबॉडी तपासा. या निकषाने दहापैकी नऊ लाडा रुग्ण हाती लागले, आणि दोनपेक्षा कमी असतील तर लाडा जवळजवळ नव्हताच. आपल्याकडे बीएमआयच्या बोटावर फार जोर देऊ नका. आपण २३-२४ बीएमआयलाही पोटाने सुटलेले असतो, आणि लाडाचा रुग्ण जाडही असू शकतो.

निदानावेळचं वजन आठवत नाही ही नेहमीची अडचण. सातपूर-अंबडच्या कंपनीत काम केलं असेल तर वार्षिक तपासणीचे जुने कागद काढा. त्यांत वजन आणि उपाशीपोटीची साखर वर्षागणिक लिहिलेली असते. चार वर्षांचे आकडे एका ओळीत मांडले की साखर हळू चढली की एकदम, हे डोळ्यांना दिसतं.

रक्त देताना

नाशिकमध्ये 'गड' म्हटलं की वणीचा. इथला 'गॅड' म्हणजे ग्लुटामिक ॲसिड डीकार्बोक्झिलेज हे बीटा पेशींतलं एक एन्झाइम. चिठ्ठीवर "जीएडी६५ अँटीबॉडी" असं लिहून घ्या. लाडाच्या बहुसंख्य रुग्णांत हीच पॉझिटिव्ह येते, म्हणून सुरुवात हिच्यापासून. पॉझिटिव्ह आली म्हणजे गॅडचा जीन बिघडला असं अजिबात नाही. जीन धड आहे, त्याच्या मालावर हल्ला चाललाय एवढंच. निगेटिव्ह आली पण संशय दाट असेल तर आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८ या दोन अँटीबॉडी. इन्सुलिन सुरू होऊन दोन आठवडे उलटले असतील तर इन्सुलिनविरोधी अँटीबॉडीवर पैसे घालवू नका, कारण बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमुळेही ती तयार होते.

गॅडला उपाशी राहावं लागत नाही. सी-पेप्टाइडला मात्र जेवणाची वेळ पाहावी लागते. बीटा पेशी इन्सुलिन बनवतात तेव्हा प्रत्येक रेणूमागे एक सी-पेप्टाइड सुटतं, म्हणून ते घरचं उत्पादन मोजतं, टोचलेलं इन्सुलिन नाही. जेवणानंतर पाच तासांच्या आत द्या, आणि त्याच सुईतून रक्तातली साखरही मोजायला सांगा. साखर ७०च्या खाली असताना घेतलेलं सी-पेप्टाइड कमीच येणार. साखर तीनशेच्या घरात असेल तर बीटा पेशी थकून गप्प पडलेल्या असतात आणि आकडा खोटा कमी येतो. मग काही आठवडे साखर आटोक्यात आणून पुन्हा तपासावं. उलट मूत्रपिंड कमजोर असेल तर सी-पेप्टाइड साठून खोटं जास्त दिसतं, म्हणून क्रिएटिनिन सोबत हवं.

आणखी दोन गोष्टींनी रिपोर्ट बिघडतो. पहिली, केसांच्या गोळ्या. त्यांतलं ५-१० मिलिग्रॅम बायोटिन अनेक यंत्रांतल्या तपासणीत ढवळाढवळ करतं आणि सी-पेप्टाइड खोटं कमी दाखवू शकतं. डॉक्टरांना सांगून दोन-तीन दिवस आधी थांबवा. दुसरी, ऊन. सी-पेप्टाइड उष्णतेत तुटतं. एप्रिल-मेमध्ये घरी येऊन घेतलेलं रक्त दुपारभर गाडीच्या डिकीत फिरलं तर आकडा घसरतो. लॅबमध्ये जाऊन, सकाळी नाश्ता करून दोन तासांनी द्या आणि विचारा: तपासणी इथेच होते की बाहेरगावी जाते, आणि जात असेल तर बर्फात जाते का? हे विचारायला लाजू नका, जाणकार तंत्रज्ञाला उलट बरं वाटतं.

रिपोर्ट हातात आल्यावर

गॅडचा कटऑफ किटनुसार मिलिलिटरला ५ किंवा १० आंतरराष्ट्रीय एकक असतो. दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडू नका. कटऑफच्या जेमतेम वरचा आकडा आणि कटऑफच्या वीसपट आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, दोघांपुढे लॅब "पॉझिटिव्ह" हाच शब्द छापते.

सगळ्यांनी सरसकट गॅड का करू नये, हे एका हिशेबाने दिसेल. समजा टाइप २ म्हणवणाऱ्या १,००० जणांत ३० जणांना खरा लाडा आहे आणि तपासणी त्यातल्या २७ जणांना पकडते. उरलेल्या ९७० जणांत दर शंभरी दोघांना तपासणी उगाच पॉझिटिव्ह दाखवते, म्हणजे १९ जण. एकूण ४६ पॉझिटिव्ह, त्यांतले १९ खोटे. म्हणून पाच बोटांची चाळणी आधी लावायची, आणि आकडा काठावरचा असेल तर दुसरी अँटीबॉडी मागायची. दोन अँटीबॉडी पॉझिटिव्ह आल्या की वादाला जागा उरत नाही.

सी-पेप्टाइडच्या तीन पायऱ्या २०२०च्या आंतरराष्ट्रीय सहमतीतल्या आहेत. आपल्या रिपोर्टवर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं, त्या हिशेबात: ०.९च्या खाली असेल तर बीटा पेशी जवळजवळ संपल्या, उपचार टाइप १सारखे, म्हणजे इन्सुलिन. ०.९ ते २.१ हा मधला पट्टा, इथे गोळ्यांना वाव आहे पण दर सहा महिन्यांनी सी-पेप्टाइड पुन्हा. २.१च्या वर असेल तर सध्या टाइप २सारखे उपचार, पण तपासणी चालू ठेवायची. रिपोर्ट नॅनोमोल प्रति लिटरमध्ये असेल तर आकड्याला ३ने गुणा.

गॅड पॉझिटिव्ह आल्यावर दोन औषधांबद्दल डॉक्टरांशी बोलणं त्याच दिवशी व्हायला हवं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही सल्फोनिलयुरिया गटातली औषधं थकलेल्या बीटा पेशीला चाबूक मारतात. लाडामध्ये ती टाळावीत असं सहमती सांगते. आपल्याकडे मेटफॉर्मिनच्या जोडगोळीत ती सर्रास असतात, म्हणून पाकिटामागचं बारीक नाव वाचा. स्वतःहून गोळी बंद मात्र करू नका, बदल्यात काही सुरू न करता बंद केली तर साखर उसळते.

दुसरं औषध डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिनचं घराणं, लघवीवाटे साखर काढणारं. इन्सुलिन कमी पडणाऱ्या माणसात यातून कीटोॲसिडोसिस (रक्तात कीटोन साठून ते आम्लधर्मी होणं) होऊ शकतो, आणि तो फसवा असतो, कारण साखर २५०च्या खालीही असू शकते. श्रावणी सोमवार निर्जळ धरून तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी करणारा, किंवा नवरात्रात नऊ दिवस उपास करणारा लाडाचा रुग्ण या गोळीवर असेल तर धोका खरा आहे. गोळी किती दिवस आधी थांबवायची आणि इन्सुलिन किती ठेवायचं, हे उपासाच्या आठवडाभर आधी विचारून कागदावर लिहून घ्या. मळमळ, पोटदुखी, धाप लागली की "पित्त झालं" म्हणून सोडा पिऊ नका. लघवीतल्या कीटोनची पट्टी लावा आणि थेट दवाखाना गाठा.

जोडीला एकदा थायरॉइडसाठी टीएसएच, आणि पोटाच्या तक्रारी वा रक्तक्षय असेल तर सीलिॲकसाठी (गहू न सोसणारा ऑटोइम्यून आजार) टीटीजी-आयजीए ही अँटीबॉडी. ही तपासणी होईपर्यंत चपाती चालूच ठेवा. आधीच नागली-बाजरीवर गेलात तर अँटीबॉडी ओसरते आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो.

आता जीनच्या तपासणीबद्दल

एचएलए टायपिंगचा रिपोर्ट असा दिसतो: डीआरबी१ ०३:०१, डीक्यूए१ ०५:०१, डीक्यूबी१ ०२:०१. हा डीआर३-डीक्यू२ पट्टा. डीआरबी१ ०४च्या घरातला एखादा, डीक्यूए१ ०३:०१, डीक्यूबी१ ०३:०२ असेल तर तो डीआर४-डीक्यू८. हे वाचता आलं तरी त्याने करायचं काय? हे पट्टे ठणठणीत लोकांतही भरपूर असतात, त्यामुळे सापडल्याने निदान होत नाही आणि उपचार बदलत नाहीत. कंबरदुखीसाठी केलेल्या एचएलए-बी२७चा तर या आजाराशी संबंधच नाही, तरी तो कागद घेऊन येणारे भेटतात.

बरेच जीन एकत्र मोजून एक आकडा काढणारी जनुकीय जोखीम गुणसंख्या जास्त हुशार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या रुग्णांवर, हैदराबादच्या सीसीएमबी आणि इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संशोधकांसोबत झालेला अभ्यास २०२० मध्ये आला. युरोपीय माहितीवर बेतलेली गुणसंख्या भारतीयांतही टाइप १ आणि टाइप २ वेगळे करू शकते, पण एचएलएच्या खुणांचं वजन आपल्यात वेगळं पडतं, असं त्यात दिसलं. त्यातले टाइप १चे रुग्ण तरुण होते. चाळिशीतल्या एका रुग्णाचं निदान त्यावर करण्याइतकी ती अजून पक्की नाही. रक्ततपासणीच्या पॅकेजसोबत विकलं जाणारं 'डीएनए वेलनेस' पॅनल तर या कामासाठी घेऊच नका. त्या पैशांत गॅड आणि सी-पेप्टाइड दोन्ही करून घ्या.

एका ठिकाणी मात्र जीन तपासायलाच हवेत. अँटीबॉडी तिन्ही निगेटिव्ह, सी-पेप्टाइड चांगलं, अंग सडपातळ, निदान पस्तिशीच्या आत, आणि वंशावळीत आजी-वडील-मुलगा अशा सलग पिढ्या तरुणपणी रंगलेल्या. हा मोडी असू शकतो, एकाच जीनचा मधुमेह. जीसीकेचा बदल असेल तर बहुतेकांना औषधच लागत नाही. एचएनएफ१एचा असेल तर लाडाला वर्ज्य असलेलं सल्फोनिलयुरियाच उत्तम चालतं. म्हणजे उपचार उलटेच, म्हणून इथे खर्च सार्थ. पोटदुखीचा जुना इतिहास असेल तर पोटाचा एक्स-रे वा सोनोग्राफीही विसरू नका. स्वादुपिंडात खडे होऊन येणारा मधुमेह भारतात अजून भेटतो, त्याचं जीनचं गणितही वेगळं.

भावंडं आणि मुलं "आमचंही रक्त तपासू का?" असं विचारतात. जीन नको. लहानपणीच्या टाइप १मध्ये युरोपीय आकड्यांनुसार सख्ख्या भावंडाला होण्याची शक्यता ५-६ टक्के, म्हणजे शंभरातल्या ९४ जणांना नाही. लाडाचा मंद वाण पाहता भावंडांनी वर्षातून एकदा उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) करावी. त्यांतल्या कुणाला शुगर निघाली आणि तो बारीक असेल, किंवा थायरॉइड वा कोड असेल, तर पहिल्याच चिठ्ठीवर गॅड लिहून घ्यावी. वंशावळीच्या कागदाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर नको, दोन भावंडांकडे आणि डॉक्टरांच्या फाइलमध्ये ठेवा.